वरची कुठं ठेवली?

पिंपळकर काका आमच्या सोसायटीत मुलाकडे राहायला आले त्या दिवशी त्यांचं सामान चौथ्या मजल्यावर चढत होतं आणि ते स्वतः बागेत उकिडवे बसून जमिनीत पेन्सिल खुपसत होते. मी सोसायटीचा सेक्रेटरी. नवा माणूस आला की लिफ्टचे नियम, कचऱ्याचे दोन डबे आणि पाण्याची वेळ ही माहिती देणं माझं काम. मी जवळ जाऊन नमस्कार केला. त्यांनी पेन्सिल उपसली, तिच्यावर माती कुठवर लागली ते पट्टीला लावून पाहिलं आणि म्हणाले, "सात इंच. वाईट नाही जी." मग चिमूटभर माती जिभेवर ठेवून डोळे मिटले, बाजूला थुंकले आणि समाधानानं मान हलवली. लिफ्टचे नियम सांगायचे राहूनच गेले.

सेक्रेटरी कसा झालो तेही सांगून टाकतो. ज्या सभेत सेक्रेटरी निवडायचा होता त्या सभेला मी गेलो नव्हतो, आणि आमच्याकडे जो येत नाही त्याला निवडतात. सानपाड्यातली तीस वर्षांची जुनी सोसायटी, चार मजले, मध्ये थोडीशी बाग. बागेत दोन आंबे, एक चिकू, जास्वंद, आणि बाकी सगळं आपणहून आलेलं. तिच्याकडे आजवर कुणी लक्ष दिलं नव्हतं आणि मला वाटतं म्हणूनच ती बरी होती.

काकांची सगळी नोकरी चंद्रपूरकडच्या एका उघड्या कोळसा खाणीत गेली. उघडी खाण म्हणजे बोगदाबिगदा नाही, जमीनच वरून सोलत खाली जायचं. कोळसा तळाशी, त्याच्यावर दगड, दगडावर मुरूम आणि सगळ्यात वर हातभर माती. ही हातभर माती आधी वेगळी काढायची, बाजूला ढीग घालून जपायची आणि कोळसा संपला की खड्डा दगडमुरमानं भरून शेवटी तीच वर पसरायची, म्हणजे तिथं पुन्हा काही उगवतं. हे जपायचं आणि पसरायचं काम काकांकडे. खाणीतले बाकीचे अधिकारी किती कोळसा काढला ते सांगत, काका किती माती राखली ते सांगत. साहजिकच बढत्या बाकीच्यांना मिळाल्या.

काकांना याचं काही वाटत नव्हतं. त्यांच्या दृष्टीनं जगात दोनच गोष्टी होत्या, वरची आणि खालची. वरची म्हणजे जिच्यात जीव आहे ती. ती व्हायला शेकडो वर्षं लागतात आणि मशीनला ती उचलायला एक सकाळ पुरते. "पहिली निघते ते शेवटी जाते," हे त्यांचं वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की एकदा ऑफिसात फायलींचा गठ्ठा सोडताना माझ्याच तोंडून निघून गेलं.

रिटायर झालेली माणसं सकाळी फिरायला जातात, काका खड्डे बघायला जात. नवी मुंबईत खड्ड्यांना तोटा नाही. कुठं गटार, कुठं केबल, कुठं नव्या इमारतीचा पाया. काका सानपाड्याहून निघत आणि जुईनगरपर्यंत जिथं जिथं जेसीबी दिसेल तिथं थांबून, हात मागं बांधून, शांतपणे विचारत, "वरची कुठं ठेवली?"

खादीचा शर्ट, खिशाला पेन्सिल आणि पट्टी, आवाजात सरकारी नोकरीतला संथपणा. साइटवरचे सुपरवायझर टरकत. हा माणूस कुठल्या खात्याचा, हे विचारायची कुणाची हिंमत होत नसे. एका ठिकाणी तर त्यांना खुर्ची दिली, शहाळं दिलं आणि दुसऱ्या दिवशी काका पुन्हा गेले तेव्हा एका कोपऱ्यात खरोखर छोटा ढीग करून त्याच्याभोवती दोरी बांधली होती. ढीग रेतीचा होता. पण काका मला म्हणाले, "भावना चांगली आहे त्यांची."

त्यांचा दुसरा कटाक्ष उंचीचा. मातीचा ढीग फार उंच घातला की आतल्या मातीला हवा मिळत नाही, तिच्यातले किडेमुंग्या, मुळं, बुरशी सगळं गुदमरतं आणि ती मरते. बाहेरून ढीग तसाच दिसतो, आत मात्र राख. म्हणून ढीग बुटका हवा, पसरट हवा, आणि त्याच्यावर काहीतरी पेरलेलं हवं. इथवर सगळं शास्त्र झालं. पण काका ते घरात घेऊन जात. त्यांची सून मंजिरी ऐरोलीला नोकरी करते, बिचारी पहाटे उठून पोळ्या करून डब्यात एकावर एक रचून जायची. काका त्या काढून ताटात पसरून ठेवत. कपाटातल्या टॉवेलांची चळत त्यांनी अर्धी केली. मंजिरी माझ्या बायकोला सांगत होती की बाबा आले तेव्हापासून घरातली एकही गोष्ट कमरेच्या वर जात नाही.

एकदा माझ्याबरोबर ते उलव्याला एका नातेवाइकाच्या वास्तुशांतीला आले होते. तिथले उंच उंच टॉवर मान वर करून बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "माणसाचा ढीग इतका उंच घालू नये जी. खालचा गुदमरते." आमचे यजमान दुसऱ्या मजल्यावर राहत होते. त्यांनी त्या दिवशी आम्हाला जेवायचा आग्रह जरा कमीच केला.

तिसरी गोष्ट ओलीची. ओल्या मातीला हात लावायचा नाही. ती ओली असताना उचलली की दाबली जाते, गोळा होते आणि मग कायमची दगडासारखी घट्ट बसते. कोरडी होईपर्यंत थांबायचं. हे मला कळलं ते वेगळ्याच वेळी. माझे वडील गेले तेव्हा घरात माणसांची रीघ लागली होती. प्रत्येकजण काही ना काही विचारत होता, फ्लॅट कुणाच्या नावावर आहे, आईला आता कोण नेणार. काका आले, आईच्या समोर तासभर गप्प बसले आणि निघताना मला दाराशी बाजूला घेऊन म्हणाले, "आता काही हलवू नका. ओलं आहे."

आईला मी कुठंच हलवलं नाही. त्या दिवशी दाराशीच मी त्यांना सहज विचारलं की तुम्ही इकडे आलात ते काकू गेल्यावर किती दिवसांनी? ते चप्पल घालत होते. "तेरवी झाली अन् चौथ्या दिवशी," ते म्हणाले. "पोराचा जीव तुटत होता, एकटा कसा राहीन म्हणून. मले मात्र ओलाच उचलला जी." आणि जिना उतरून बागेत गेले.

मी हे विसरलो. माणूस रोज भेटत असला की त्याचं बोलणं आपण कानावेगळं करत जातो.

मग आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीचं निघालं. जुनी टाकी गळत होती, नवी मोठी टाकी जमिनीखाली बांधायची आणि जागा म्हणाल तर बागेखेरीज दुसरी नव्हती. ठरलं असं की बाग खणायची, टाकी बांधायची आणि टाकीच्या स्लॅबवर दोन फूट माती टाकून पुन्हा बाग करायची. झाडांपैकी दोन्ही आंबे कडेला असल्यानं वाचत होते. सर्वसाधारण सभेत सगळं पाच मिनिटांत मंजूर होत आलं होतं. एरवी सभेत तोंड न उघडणारे पिंपळकर काका तेव्हा उभे राहिले.

वरची सात इंच माती वेगळी काढा, एवढंच त्यांचं म्हणणं. खालच्या मुरमात मिसळू देऊ नका. कोपऱ्यात बुटका ढीग घाला, टाकी झाली की तीच वर टाका. विकतची माती आणली तर ती बाहेरची, तिला इथं रुजायला वर्षं जातील. ही इथलीच आहे, तीस वर्षं तुमच्या झाडांचा पाला खाऊन पोसली आहे. मग म्हणाले, "मी बाकी कधी काही मागितलं नाही सोसायटीले."

यावर तळमजल्यावरचे म्हात्रे उठले. म्हात्रे मूळ गावातलेच, आमच्या बिल्डिंगच्या आसपासच कुठंतरी त्यांच्या घराण्याची भातशेती होती. आता त्यांची दोन दुकानं आहेत आणि दोन गाड्या. ढीग घालायचा तो कोपरा म्हणजे त्यांच्या दुसऱ्या गाडीची जागा. ते म्हणाले, "ओ बाबा, माती काय सोन्याची हाय का? बोला, उद्या डंपर भरून आनतू." काका त्यांच्याकडे वळून शांतपणे म्हणाले की म्हात्रेसाहेब, तुमच्या शेताची वरची कुठं गेली, ते तुम्हाले माहीत आहे काय? म्हात्रे खाली बसले. ठराव मंजूर झाला. लोकांना चहा दिसत होता हेही खरं.

काका चार दिवस जेसीबीच्या पुढंपुढं चालत होते. ड्रायव्हरला हातानं दाखवत, इथवर, बास, आता थांब. ढीग चार फूट उंच, वरून सपाट, बाजू उतरत्या. त्याच्यावर त्यांनी ताग पेरला आणि स्वतःच्या हातानं रंगवून पाटी लावली, 'वरची माती. यावर चढू नये, बसू नये, काही टाकू नये.' दीड महिन्यात ढीग पिवळ्या फुलांनी भरून गेला. शेजारच्या बिल्डिंगमधल्या बायका तिथं फोटो काढायला येऊ लागल्या. काका रोज संध्याकाळी नळी घेऊन बाजूला उभे. टाकीचं काम रखडलं तरी त्यांना घाई नव्हती, सहा महिने ढीग राहिला तर चालतो म्हणाले.

पाचव्या महिन्यात त्यांच्या पुतणीचं नागपूरला लग्न निघालं. बारा दिवस जायचं होतं. जाताना ते मला ऑफिसच्या वाटेवर स्टेशनपर्यंत सोडायला आले, म्हणजे मलाच वाटलं की मला सोडायला आले, पण ते ढिगाबद्दल सांगत होते. लक्ष ठेवा, म्हणाले. मी म्हटलं, काका, निवांत जा.

पुढचं सांगताना मला अजून लाज वाटते. सहाव्या दिवशी मी बेलापूरला ऑफिसात एका मीटिंगमध्ये होतो. कॉन्ट्रॅक्टरचा फोन आला. टाकी झाली, आता टाकीच्या भिंती आणि खड्ड्याची कड यांच्यामधली पोकळी भरायची आहे, भराव कमी पडतोय, ती कोपऱ्यातली माती टाकू का? समोर साहेब माझ्याकडे बघत होते. मी तोंडापुढं हात धरून म्हटलं, "टाका, टाका, संपवा एकदाचं." आणि फोन ठेवला.

संध्याकाळी घरी आलो तर कोपरा रिकामा. ताग उपटून भिंतीशी टाकला होता आणि त्याच्यावर पाटी उलटी. कॉन्ट्रॅक्टरनं उत्साहानं सांगितलं की सगळी तळाला गेली साहेब, आठ फूट खाली, वर डबर आणि मुरूम टाकून रोलर पण फिरवला. जी माती सगळ्यात शेवटी, सगळ्यात वर जायची, ती सगळ्यात आधी, सगळ्यात खाली गेली होती. हातापाशी होती म्हणून. मी पाटी सरळ करून भिंतीला टेकवली.

बायकोनं सांगितलं, फोन करून खरं काय ते सांगा. मला ते जमेना. लग्नघरातल्या माणसाला काय सांगायचं? मी हा प्रकार म्हात्र्यांना सांगितला. कुणालातरी सांगायला हवा होता आणि ते दारात उभे होते. मला वाटलं ते हसतील. ते हसले नाहीत. हनुवटी खाजवत म्हणाले, "टेन्शन नको घेऊ, सेक्रेटरी. उलव्याला माझे मेव्हन्याची साइट चालू हाय. तिथशी आनू."

रविवारी दोन टेंपो माती आली. मी टेप घेऊन उंची मोजत होतो आणि म्हात्रे स्वतः फावडं घेऊन ढिगाच्या बाजू उतरवत होते. आयुष्यात मी त्यांच्या हातात गाडीच्या किल्लीशिवाय काही पाहिलं नव्हतं. पण फावड्याची मूठ त्यांनी अशी धरली की मी बघत राहिलो. एका जागी थांबून त्यांनी माती मुठीत घेऊन दाबली, हुंगली आणि म्हणाले, "ही खाडीकडची हाय. खारी. हिच्यात भात व्हईल, तुमचा जास्वंद नाय व्हनार." मग पुन्हा फावडं मारायला लागले. थोड्या वेळानं म्हणाले की बाबांना कळलं तर? मी म्हटलं, नाही कळणार. ज्या माणसानं पहिल्याच दिवशी माझ्यासमोर माती चाखली होती त्याच्याबद्दल मी हे बोलत होतो. भीतीनं माणसाची अक्कल कशी शेण खाते याचा तो नमुना होता.

पाटी पुन्हा रोवली. तागाचं बी टाकलं. काका आले की सांगायचं, भरावाच्या वेळी ढीग जरा सरकवावा लागला, त्यात ताग मोडला. सरकवला हे खोटं नव्हतं, असं मी स्वतःला समजावलं.

गुरुवारी सकाळी काका परत आले. संत्रा बर्फीचा डबा हातात घेऊनच आधी ढिगापाशी गेले. मी वरच्या बाल्कनीत वाळत घातलेल्या चादरीमागं. त्यांनी ढिगाला एक फेरी मारली. वाकले. मूठभर माती उचलली, बोटांनी चोळली आणि पुन्हा होती तिथं ठेवली. जिभेवर ठेवली नाही. पाटी जराशी कलली होती ती सरळ केली. मग वर आले, मला बर्फी दिली, लग्न छान झालं म्हणाले. मी तागाचं पाठ केलेलं वाक्य म्हणून दाखवलं. ते म्हणाले, "होते जी कधी कधी."

आठवडा गेला. काका रोज त्या ढिगाला पाणी घालत होते. मी निर्धास्त झालो, बायकोला म्हटलं, बघ, नाही कळलं. ती म्हणाली, "त्यांना पहिल्या दिवशीच कळलंय. तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून गप्प आहेत." मला राग आला, कारण ते मलाही माहीत होतं. जिन्यात काका दिसले की मी मोबाइल कानाला लावायला लागलो. पंधरा वर्षं त्याच जिन्यात मोकळेपणानं वावरलेला माणूस मी, आता पावलं ऐकून घराबाहेर पडत होतो. आणि रविवारी ती माती स्लॅबवर पसरायची होती.

शनिवारी दुपारी चार वाजता त्यांनी मला खाली बोलावलं. ढिगाशेजारी दोन प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. ते मातीतले खडे वेचत होते आणि बाजूला एका पत्र्याच्या डब्यात टाकत होते. मी बसलो.

"उलव्याकडची आहे ना जी ही?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं आणि मग सगळंच सांगितलं. मीटिंग, फोन, ते 'टाका टाका', म्हात्रे, टेप. सांगताना मी त्यांच्याकडे पाहत नव्हतो, डब्यातल्या खड्यांकडे पाहत होतो. त्यांनी एकच विचारलं, किती खाली गेली? मी म्हटलं, आठ फूट. ते म्हणाले, म्हणजे आता निघत नाही. उद्या ही पसरू नका, खार आहे, आधी दोन पावसाळे धुऊन निघू द्या, ताग पेरून आत गाडा, मग हीसुद्धा हळूहळू वरची होईल. मला वाटलं, संपलं. मी उठायला लागलो तर त्यांनी हातानं बसा म्हणून खूण केली.

मग त्यांनी कुसुमकाकूंबद्दल सांगितलं. काकूंना मी पाहिलं नाही, त्यांचा भिंतीवरचा फोटो तेवढा पाहिलाय. त्यांचं माहेर त्या खाणीत गेलं होतं. गाव उठलं, भाऊ पांगले, आईवडील नव्या वसाहतीत दोन वर्षांच्या आत वारले. शेताची वरची माती मात्र काकांनी नियमाप्रमाणं वेगळी काढून ठेवली होती, ढीग नंबर सात. माहेर म्हणून दाखवण्यासारखं काकूंना तेवढंच उरलं होतं. दर भाऊबीजेला त्या नवं लुगडं नेसत, काका त्यांना स्कूटरवर बसवून खाणीत नेत. काकू ढिगाला हळदकुंकू वाहत, पायथ्याशी थोडा वेळ बसत आणि मूठभर माती पदरात बांधून घरच्या तुळशीत टाकायला आणत. तेवढा वेळ डंपरवाले दुसऱ्या रस्त्यानं जात.

एका वर्षी काकांना पंधरा दिवस बाहेरगावी ट्रेनिंगला पाठवलं. त्या पंधरा दिवसांत खाणीच्या तळाला एक सखल जागा घाईनं भरायची होती आणि लोडरवाल्यानं हातापाशी होता तो ढीग उचलला. काका परतले तेव्हा सात नंबरवर साठ फूट दगड पडला होता. भाऊबीज तीन आठवड्यांवर होती. त्यांनी सात नंबरची पाटी उपटली आणि दुसऱ्या एका ढिगाला लावली.

"नऊ वर्षं," काका म्हणाले. "नऊ वर्षं तिनं भलत्याच्याच शेताले हळदकुंकू वाहिलं."

मी विचारलं, "त्यांना कळलं होतं?"

"शेतकऱ्याची पोरगी होती जी. तिच्या बापाची माती तांबूस, ही काळीभोर. पहिल्याच वर्षी मूठ भरली, चोळली, माझ्याकडे पाहिलं. मग पदरात बांधली. काही म्हटलं नाही. शेवटपर्यंत नाही म्हटलं."

ते पुन्हा खडे वेचायला लागले. बोटं त्यांची जाड, वाकडी झालेली, पण गव्हाएवढा खडासुद्धा सुटत नव्हता.

"तेव्हा मले सुटल्यासारखं वाटलं," ते म्हणाले. "वाटलं, वाचलो. आता वाटते, एकदा म्हणायले पाहिजे होतं तिनं. भांडायले पाहिजे होतं. मग मी चुकलो म्हणलो असतो. आता कोणापाशी म्हणू?" डब्यात एक खडा पडला. "म्हणून तुम्हाले बोलावलं. माझ्यावानी तुमच्यावर ओझं राहू नये. ही आपल्या बागेची माती नाही, सेक्रेटरीसाहेब. तुम्ही चुकले. मी म्हटलं, तुम्ही ऐकलं. आता झालं."

बावन्न वर्षांचा मी, आजवर पुष्कळ लोकांनी मला चुकलास म्हणून सांगितलंय, पण माझ्या अंगावरचं ओझं उतरावं म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. मी 'चुकलो, काका' म्हणालो आणि खरोखर हलकं वाटलं. मग माझ्या मनात आलं की हा माणूस दुसऱ्याला मोकळं करून आता एकटाच वर जाईल, चौथ्या मजल्यावर, पसरून ठेवलेल्या पोळ्यांपाशी. त्याला असं कुणी काही म्हणणार नाही.

काय बोलतोय याचा विचार न करता मी म्हणालो, "काका, तो ढीग सात नंबर नव्हता. काकूंना तुम्ही दुसराच दाखवलात."

त्यांचा हात मातीतच थांबला. मला वाटलं, मी फार बोललो. ते मान खाली घालून त्या खाऱ्या मातीकडे पाहत राहिले. वरच्या बाल्कनीतून कुणीतरी कुणाला तरी चहाला हाक मारत होतं.

"नव्हता," ते म्हणाले. "चुकलो वं, कुसुम."

मी खुर्ची थोडी पुढं ओढली आणि माझ्या बाजूचे खडे वेचायला घेतले.